अनाथांना प्राधान्य

वाक्य वाचून व्हायच्या आधीच आमच्या साहेबांच्या उजव्या हाताची करंगळी वर उचलली जायची. संगणकावर अक्षरं खोडायची जी कळ असते, तिच्यावर ती येऊन टेकायची आणि एकदा टेकली की तिथेच मुक्काम करायची. पडद्यावरचं माझं वाक्य शेवटाकडून नाहीसं होत जायचं. मग साहेब खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणायचे, "मुलांना एवढं कळतं कुठं, मॅडम?"

ऐका! स्वतःचं लग्न नाही, मूलबाळ नाही, सोसायटीतल्या एखाद्या पोराला कधी चॉकलेट दिलं असेल तर शपथ, आणि मुलांना काय कळतं याचा निकाल देणार हे. मी अर्धं आयुष्य शाळेत इतिहास शिकवलेला. मुलांना काय कळत नाही ते मला विचारा. पण विचारायचं कोणी? साहेब ते, मी त्यांच्या हाताखालची. वयानं मी त्यांच्यापेक्षा चांगली मोठी होते, पण आमच्या कंपनीत वयाला कोणी विचारत नव्हतं.

ही कंपनी नारायण पेठेत होती. खाली वह्या-पेनांचं दुकान, वर आम्ही. नव्या शतकाची सुरुवात होती, पुण्यात जो तो संगणकाच्या मागे लागला होता. मीही शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन, घरापासून पायी जाता येतं एवढ्याच कारणानं तिथे चिकटले. काम काय, तर अमेरिकेतल्या मुलांसाठी संगणकावरचे धडे लिहायचे. त्यांची नदी, त्यांचा डोंगर, त्यांचा इतिहास. तो नारायण पेठेत पोह्यांचा वास घेत घेत तयार होतो, हे तिकडच्या आईबापांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

साहेबांसारखा माणूस तुम्हीही पाहिलाच असेल. उन्हाळ्यात टाय. शर्टाच्या बाहीला इस्त्रीची घडी अशी की हात लावायला भीती वाटावी. विदर्भातून आलेले, पण ते कळू नये म्हणून इतकं जपून बोलायचे की चहावाल्या माणसालाही "आपण साखर कमी घातलीत का?" असं विचारायचे. तो बिचारा मागे वळून बघायचा, आपल्याशी बोलतायत की आणखी कोणाशी. पुण्याची भाषा त्यांनी घोकून पाठ केली होती. खवटपणा मात्र जमला नाही, त्याला इथे जन्मच घ्यावा लागतो.

आणि भित्रेपणा तरी किती! अमेरिकेहून मेल आली की साहेब बसल्या जागी ताठ व्हायचे. तिकडची बाई लिहायची, "जमलं तर हा शब्द बदलून पाहता येईल का?" साहेब शब्द तर बदलायचेच, वर आजूबाजूची दोन वाक्यंही उडवायचे, न जाणो त्यांनाही लागण झाली असेल. ज्वालामुखीच्या धड्यातून त्यांनी लाव्हारस काढून टाकला. का, तर मुलं घाबरतील. मी म्हटलं, "मग उरलं काय?" म्हणाले, "डोंगर राहिला ना, मॅडम." असे आमचे धडे. खायला द्यायचं पण चव लागू द्यायची नाही, असा प्रकार. तरी साहेबांचा धडा कधी परत येत नसे, म्हणून मालक त्यांच्यावर खूश.

मालक अमेरिकेत राहून परतलेले. शनिवारी गुडघ्याखाली संपणारी विजार घालून यायचे आणि आमच्यासारख्या बायकांनाही "गाइज" म्हणायचे. एका सकाळी त्यांनी आम्हाला गोळा केलं आणि सांगितलं की एक मोठं काम आलंय. जुन्या अमेरिकेच्या इतिहासावर धड्यांची अख्खी मालिका करायची आहे. पण आधी नमुन्याचा एक धडा द्यायचा. तो पसंत पडला तर वर्षभर काम, खराडीला काचेच्या इमारतीत नवं ऑफिस, आणि आमच्या साहेबांना बढती. शिवाय काम समजून घ्यायला साहेबांना अमेरिकेला पाठवणार.

झालं. साहेबांनी दुसऱ्याच दिवशी लाल सूटकेस आणली आणि टेबलाखाली ठेवली. घरी का नाही ठेवली, तर म्हणे तिथे जागा नाही. ते खडकीला एका विधवा बाईंकडे भाड्याच्या खोलीत राहायचे, डबाही त्या बाईच द्यायच्या. काम मिळायचा पत्ता नाही आणि ह्यांच्या पायाशी सूटकेस. जेवायच्या सुट्टीत हळूच तिचं कुलूप उघडून बघायचे, चालतंय ना म्हणून. मला हसू आवरायचं नाही. माणसाला हाव असावी, पण ती अशी पायाखाली ठेवू नये.

नमुन्याच्या धड्याचा विषय होता घोड्यावरून जाणारं टपाल. आता हा विषय किती सुंदर आहे ते सांगते, कारण धड्यात तो कुठे उरला नव्हता. अमेरिकेचा पश्चिमेकडचा मुलूख तेव्हा नुकता वसत होता. मधे माळरानं, वाळवंट, बर्फाचे डोंगर. रेल्वे नाही, तार नाही. मग काही मंडळींनी वाटेवर ठाणी बांधली आणि प्रत्येक ठाण्यावर ताजे घोडे ठेवले. स्वार दौडत यायचा, दमलेल्या घोड्यावरून उतरायचा, ताज्यावर चढायचा आणि पुढे. पत्रं असायची एका चामड्याच्या झुलीत. झुलीला चार कप्पे, कप्प्यांना कुलपं. ती झूल खोगिरावर टाकायची आणि स्वारानं तिच्यावरच बसायचं. घोडा बदलला की झूल उचलून दुसऱ्या घोड्यावर. पत्रं पातळ कागदावर लिहायची, कारण वजनाला फार महत्त्व. स्वारही पोरगेलेसे, हलके. पुढे तार आली आणि हा सगळा खटाटोप दोन वर्षांच्या आतच बंद पडला. पण तेवढ्यात लोकांच्या मनात तो घोडा जो बसला तो बसलाच.

मी धडा लिहिला. एका पडद्यावर चाळीस शब्द, त्याच्यावर एक नाही, हा आमचा नियम. तो पाळून लिहिला. त्यात एक मजेची गोष्ट होती. कामावर घेताना स्वारांकडून शपथ घेत, की मी शिव्या देणार नाही, दारू पिऊन झिंगणार नाही, सहकाऱ्यांशी मारामारी करणार नाही. मुलांना हे किती आवडलं असतं! साहेबांची करंगळी आली. शिव्या गेल्या, दारू गेली, मारामारी गेली. उरलं, "स्वारांनी शपथ घेतली."

मी म्हटलं, "कशाची घेतली?"

"ते महत्त्वाचं नाही. शपथ घेतली एवढं पुरे. मुलांना एवढं कळतं कुठं?"

चित्रांची आणखी तऱ्हा. आमचा चित्रकार गुणी, पण त्यानं घोडा पाहिला होता फक्त वरातीत. साहेब म्हणाले, "प्रत्यक्ष बघून काढा, परफेक्ट झालं पाहिजे." तो कॅमेरा घेऊन पेठांमधून हिंडला आणि एका मंगल कार्यालयाबाहेर उभा असलेला पांढरा घोडा टिपून आला. चित्र काढताना त्यानं झूल, गोंडे, कलगी सगळं उतरवलं, पण घोड्याच्या तोंडावरचा कंटाळा तसाच राहिला. आणि टपाल म्हटलं की आपल्याकडे काय आठवणार? स्वाराच्या अंगावर खाकी कपडे चढले, खांद्याला पिशवी लागली. साहेबांनी चित्र पास केलं. वर म्हणाले, "टोपी जरा सरळ करा."

तिकडून मेल आली, "घोडा उभा का आहे? स्वार पोलिसात आहे का?"

साहेब दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. मी मात्र व्यवस्थित जेवले.

चित्र बदललं. मग तिकडच्या बाईनं स्वतःहून एक गोष्ट सुचवली. त्या टपालाची म्हणून एक जुनी जाहिरात सांगतात. खरी की मागाहून कोणी रचलेली, यावर वाद आहे, पण तिकडे ती सगळ्यांना तोंडपाठ. "पाहिजेत. तरुण, सडपातळ, काटक मुलं. घोड्यावर पटाईत. रोज मरणाची तयारी हवी. अनाथांना प्राधान्य." ही जाहिरात पडद्यावर द्या आणि खाली मुलांना विचारा, तू ही नोकरी करशील का? हो किंवा नाहीवर बोट ठेवायचं. हो म्हटलं की घोडा खिंकाळणार.

मी जाहिरात धड्यात घातली आणि साहेबांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. मरण, अनाथ, काय काय होतं तीत. करंगळीला मेजवानीच. मी मनात म्हटलं, चला, आता बघू कोणाला भितात, मुलांना की अमेरिकेला.

करंगळी उचलली गेलीच नाही. साहेब पडद्याकडे बघत बसले. मी उभी. शेवटी म्हणाले, "जा आपण. मी बघतो."

संध्याकाळी मंडळी निघायला लागली, तरी ते तसेच. मी पर्स उचलली तेव्हा त्यांनी हाक मारली. "मॅडम, हे अनाथांना प्राधान्य, कशासाठी असेल?"

"त्यात काय कळायचंय?" मी म्हटलं. "स्वार वाटेत मेला तर रडायला घरी कोणी नको. भरपाई मागायला कोणी नको. मालकाची सोय."

"नाही," साहेब म्हणाले. "तसं नाही वाटत मला."

मग त्यांनी टायची गाठ सैल केली. असं त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "काहून घेत असतीन, सांगू का?"

काहून! मी पर्स पुन्हा खाली ठेवली. इतकी वर्षं दाबून ठेवलेली वऱ्हाडी अशी एकदम बाहेर आली आणि मग थांबली नाही. साहेबांचे आईवडील ते लहान असतानाच गेले होते. यवतमाळच्या बाजूला कुठल्याशा वसतिगृहात ते वाढले. गावापासून वसतिगृह लांब, पोस्टमन तिथवर यायचा नाही. टपालाची पिशवी रोज गावातून आणावी लागे. कोणी आणायची? तर वॉर्डननी एक पद्धत पाडली होती. ज्या पोराला कधीच कोणाचं पत्र येत नाही, त्यालाच पिशवी आणायला पाठवायचं. कारण ज्यांच्या घरून पत्रं येतात ती पोरं वाटेतच पिशवी उघडतात, आपलं पत्र शोधतात, बाकीची पत्रं सांडतात. ज्याचं कोणीच नाही तो कशाला उघडेल? तो सरळ घेऊन येईल.

"वॉर्डन हुशार होते," साहेब म्हणाले. "पाच वर्षं मीच आणत होतो. मले शाबासकी पण भेटली. हा पोट्टा पिशवीले हात लावत नाही म्हणून."

मी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं, "बरोबरच आहे. तुम्ही कशाला उघडाल?"

"मी रोज उघडत होतो ना, मॅडम," साहेब म्हणाले. "वाटेत एक निंबाचं झाड होतं. तिथं बसून एक एक पत्र पाह्यत होतो. नाव पाह्यचं अन् परत ठेवून द्यायचं. जसंच्या तसं. कोनाले कळलं नाही."

अशा वेळी आमच्या पेठेतल्या माणसाच्या तोंडून जे निघतं तेच निघालं. मी म्हटलं, "पण इथे झुलीला कुलपं होती. स्वाराला उघडता येत नव्हतं."

"कुलूप असल्यानं मनाले वाटनं थांबते का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आले ते पुन्हा टाय घट्ट बांधून, पुन्हा आपण-आपण करत. पण धड्यात, जाहिरातीच्या खाली, एक नवं वाक्य होतं. इतक्या वर्षांत साहेबांनी घातलेलं पहिलं वाक्य. इंग्रजीत होतं, अर्थ असा: या पत्रांत एखादं आपलंही असेल का, असं काही स्वारांना वाटत असेल. त्या वाक्यानं चाळिसाची मर्यादा ओलांडली होती.

मी लगेच पकडलं. "पुरावा काय याला?"

"मी आहे ना," साहेब म्हणाले.

"तुम्ही अमेरिकेत घोड्यावर होता का? इतिहास आहे हा. आणि मुलांना हे कळणार कुठं?" मुद्दामच म्हटलं. एवढी वर्षं ऐकून घेतलं होतं मी.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज अजिबात चढवला नाही. "पोट्ट्यायले सारं कळते, मॅडम," म्हणाले. "आपल्यालेच नाही कळत."

धडा गेला. तिकडच्या बाईला फार आवडला. फक्त ते एक वाक्य काढा, म्हणाली. आधार नाही, उदास आहे, आणि वाचून मूल हो-नाहीवर बोट ठेवायचं विसरेल. साहेबांनी उत्तर पाठवलं, वाक्य राहू द्यावं. त्या बाईनं पुन्हा नम्रपणे लिहिलं. साहेबांनी पुन्हा नाही म्हटलं. लाव्हारस कोणी न सांगता काढून टाकणारा हा माणूस! मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

मालकांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. "काय चाललंय, गाइज? एक लाइन आहे यार!"

"एक लाइन आहे, तर राहू द्या," साहेब म्हणाले.

"अरे, काम जाईल हातचं! तुझं प्रमोशन आहे, तुझं जाणं आहे. पुढच्या महिन्यात मी तुझं तिकीट काढणार होतो. मॅडम, तुम्ही सांगा ना याला."

मी सांगितलं. वाक्याला आधार नाही हे मी स्वच्छ सांगितलं, कारण नव्हताच. साहेबांनी मान हलवली, जणू मी त्यांच्याच बाजूनं बोलले.

"तू काढतोस की मी काढू?" मालक म्हणाले.

"आपण काढा," साहेब म्हणाले. "माझ्या हातानं नाही. आणि आपण काढलंत तर मी इथे राहणार नाही."

मालकांना ती थट्टा वाटली. त्यांनी तिथल्या तिथे, उभ्या उभ्या, ते वाक्य खोडलं आणि धडा पाठवून दिला. साहेबांनी ते होईपर्यंत वाट पाहिली. मग बाहेर येऊन चालू कामं चित्रकाराला एक एक समजावून दिली, कुठला धडा कुठवर आलाय, कुठलं चित्र बाकी आहे. जेवणाच्या सुट्टीआधी टेबलाखालची लाल सूटकेस ओढून काढली. ती रिकामीच होती, जिन्यावर तिचा आवाज खूप झाला. जाताना मला म्हणाले, "येतो, मॅडम. आपली तब्येत सांभाळा."

काम मिळालं. आम्ही खराडीला गेलो. काचेच्या इमारतीत पोचायला मला रोज दोन बस बदलाव्या लागायच्या आणि माझं डोकं भडकलेलं असायचं. ते बसमुळे नव्हतं. ह्या माणसाचा राग जाईना. मला सांगा, हा काय शहाणपणा झाला? शेकडो खरी वाक्यं मारताना ह्याला काही वाटलं नाही. बेडकाचं, पुराचं, दुष्काळाचं, मी पुस्तकं धुंडाळून आणलेलं एक एक वाक्य ह्यानं गिळलं. आणि आधार नसलेल्या एका वाक्यापायी बढती सोडली, अमेरिका सोडली, भाकरी सोडली. भित्रट माणसानं आयुष्यात एकदा हट्ट धरावा आणि तो असा! इतका वेडगळ माणूस मी पाहिला नाही. आणि तो गेल्यापासून कशात लक्ष लागत नव्हतं, हेही खरंच. नव्या साहेबांनी माझं काही खोडलं नाही, कारण ते वाचतच नसत.

एका रविवारी मी घरात चिडून बसले होते. उठून पोस्टकार्ड घेतलं आणि खडकीचा पत्ता घातला. जे मनात होतं ते लिहिलं. मायना घातला नाही. लिहिलं, "आपण मूर्ख आहात. एका ओळीसाठी कोणी नोकरी सोडत नाही. आपल्यामागे ऑफिसात कोणी रडत बसलेलं नाही. वाक्याला आधार नव्हता आणि नाही. पण वाक्य चांगलं होतं, हे आपल्याला कोणी सांगितलं नसेल म्हणून कळवते." खाली नाव घातलं आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आले. पेटीत पडल्याचा आवाज आल्यावर जरा बरं वाटलं.

उत्तर आलं नाही. महिना गेला. ऑफिसच्या सामानात त्यांचा जेवणाचा डबा सापडला होता, स्टीलचा, खडकीच्या त्या बाईंचा. तो द्यायच्या निमित्तानं मी एका सकाळी खडकीला गेले. दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त होऊन वारलेल्या कामगाराचं घर, पुढे पत्र्याची खोली. म्हातारी अंगणात धान्य निवडत बसली होती. डबा बघून हरखली.

"अवो, ह्याच्यासाठी किती शोधाशोध केली मी! पर ते तर गेले की खोली सोडून. महिना व्हत आला असंल."

"एक कार्ड आलं होतं का त्यांच्या नावानं?"

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्हीच व्हय त्या? मी वाचलं हो कार्ड. उघडंच असतंय, डोळ्याला दिसतंय. लई टाकून बोललाय तुम्ही त्यांना."

मी डबा तिच्या हातात दिला.

"ते सामान बांधत व्हते तवाच आलं बघा. मी हातात दिलं. म्हनले, माझं हाय? म्हटलं, नाव तुमचंच हाय. तर नावच बघत ऱ्हायले. म्हटलं, कुना बाईनं झाडलंय तुम्हाला, वाचू नगा, मन खराब व्हईल. तर म्हनले, असू दे मावशी. झाडायला सुदिक नाव आठवावं लागतंय."

"वाचलं का?"

"न्हाई, हितं न्हाई वाचलं. म्हटलं, वाचा की उभ्या उभ्या, चार ओळी तर हायत. तर नको म्हनले. म्हनले, गाडीत बसल्यावर सावकाश वाचतो. वरच्या खिशात ठेवलं अन् निघाले. ह्या फाटकापतुर जाईस्तवर दोन येळा खिसा चाचपून बघितला."

त्या माणसाला उभ्या आयुष्यात नावानं आलेलं पहिलं पत्र, आणि त्याचं पहिलं वाक्य काय, तर आपण मूर्ख आहात. दुसरं कोणतं तरी वाक्य वर असायला हवं होतं. शेवटचं वाक्य सगळ्यात आधी लिहिलं असतं तरी चाललं असतं. डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला मी पर्स उघडून उगाच रुमाल शोधत बसले.

म्हातारीनं तांब्यातून पाणी दिलं. तिला काय समजायचं ते समजलं असावं. "परत लिहिनार हाय का तुम्ही?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हटलं. "लगेच लिहिणार आहे. कुठे गेले ते?"

"त्ये काई सांगितलं न्हाई," म्हातारी म्हणाली आणि सूप पुढे ओढून पुन्हा धान्य निवडायला लागली. "पर पत्ता लागंल की त्याला."